करिअरचा कागद आणि आजोबाचा दाखला

हल्ली आपल्या पोरापोरींच्या हातात एक नवा कागद देतात. त्याचं नाव वैयक्तिक विकास आराखडा. शिबिर भरतं, पाहुणे येतात, माइकवरून सांगतात, स्वप्न बघा, मोठं बघा, मनात आणलं तर काहीच अशक्य नाही. मग कागद वाटतात. कागदावर रकाने. तुझं ध्येय काय? तुझी बलस्थानं कोणती? तुझ्या उणिवा कोणत्या? पाच वर्षांनी तू कुठे असशील? पोरं पेन चावत बसतात. पाहुण्यांना परतीची गाडी असते. ते टाळ्या घेतात, नारळ घेतात आणि जातात. कागद कोराच राहतो.

हा कागद फाडून टाका म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. व्यवस्था बदलायची सोडून एकेकट्या माणसाला शिडी दाखवायची, आणि तो घसरला की 'तुझ्यातच दम नव्हता' म्हणायचं, हा प्रस्थापितांचा जुनाच धंदा आहे, असं ते म्हणतात. खोटं नाही ते. पण मी कागद फाडायला सांगणार नाही. मला तो पाहिजे. फक्त त्याचे रकाने आपण पाडलेले पाहिजेत. या अंकात मला एवढंच बोलायचंय. आणि ते बोलायचंय डहाणू-तलासरीला समोर ठेवून, कारण तिथे या कागदाचं पितळ जसं उघडं पडतं तसं दादर-चेंबूरला पडत नाही.

१९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित या शब्दाची व्याख्या केली तेव्हा आदिवासींचं नाव त्यात होतं. कागदावर होतं. आपण मात्र शहरात राहिलो. आपल्या वस्तीच्या पलीकडे आपली नजर फार तर पुढच्या वस्तीपर्यंत गेली. चर्चगेटपासून सव्वाशे किलोमीटरवर डहाणू रोड स्टेशन आहे. २०१३ पासून तिथपर्यंत लोकल जाते. आपल्यापैकी किती जण त्या लोकलनं शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले? गेले असतील ते बोर्डीच्या समुद्रावर, चिकू खायला.

स्टेशनाच्या पूर्वेला डोंगर सुरू होतात. तलासरी तालुका गुजरातच्या हद्दीला टेकलेला, मुंबई-अहमदाबाद हमरस्ता त्याच्या पोटातून गेलेला. २०११ च्या जनगणनेत तिथली दर दहातली नऊ माणसं अनुसूचित जमातीची निघाली. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी, दुबळा, कातकरी. इथला जवान पोरगा पहाटे निघतो आणि उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हजेरीवर उभा राहतो. कुणी खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातो आणि महिनोन् महिने घरी येत नाही. पावसाचं शेत उरकलं की कितीतरी घरं वीटभट्टीची वाट धरतात, पोरांना, शाळेच्या दप्तराला आणि कोंबड्यांना बरोबर घेऊन. या माणसाला विचारायचं, पाच वर्षांनी तू कुठे असशील? त्याला उद्या ठेकेदार घेईल की नाही ते ठाऊक नाही!

असाच एक भरलेला कागद मी तिकडे पाहिला. बारावीची पोरगी. ध्येयाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, नर्स. उणिवांच्या रकान्यात इंग्रजी कच्चं, गणित कच्चं असलं काही नव्हतं. तिथे लिहिलं होतं, जात वैधता नाही. मार्गदर्शकानं त्याखाली लाल रेघ मारली होती. त्याला वाटलं पोरीला प्रश्न समजला नाही. दोस्तांनो, अख्ख्या शिबिरात प्रश्न समजलेली ती एकटीच होती.

आराखडा कसा असतो हे शिकायला आपल्याला टायवाल्या साहेबाची गरज नाही. बाबासाहेबांचा आराखडा आपल्या घरात आहे. आपण त्यांचा फोटो लावतो, पण त्यांचा हिशेब वाचत नाही. १९१३ साली ते कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. १९१६ साली लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. पण येताना एक गोष्ट करून आले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन आले. बडोद्यात काय झालं, भाड्याच्या खोलीतून त्यांना कसं हाकललं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर सिडनॅहम कॉलेजात प्राध्यापकी केली, पै पै साठवली, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी दोस्तानं ५,००० रुपये कर्जाऊ दिले. १९२० मध्ये, मुदत संपायच्या आत, माणूस परत लंडनला हजर! १९२१ ला एम.एस्सी., पुढे बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी.

याला म्हणतात आराखडा. यात 'मनात आणलं तर काहीही होतं' असलं एक वाक्य नाही. यात पैसा कुठून येणार ते आहे, कुठल्या अटीवर येणार ते आहे, दार बंद होऊ नये म्हणून त्यात पाचर कशी मारून ठेवायची ते आहे. आणि मोडलेला बेत पुन्हा कसा सांधायचा तेही आहे. आणखी दोन गोष्टी आहेत, त्या कुणी सांगत नाही. एक म्हणजे हा आराखडा एकट्याच्या पाठीवर नव्हता. नवरा लंडनला ब्रेड आणि चहावर दिवस काढत होता तेव्हा परळच्या चाळीत रमाई संसार ओढत होती. प्रत्येक विकास आराखड्याखाली कुणाची तरी पाठ असते, बहुतेक वेळा बाईची, आणि तिच्या नावाचा रकाना कुठल्याच कागदावर नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे लंडनला परत जाण्यापूर्वी, जानेवारी १९२० मध्ये, त्यांनी 'मूकनायक' काढला होता. शिक्षण कशासाठी, याचं उत्तर आधीच छापून झालं होतं.

आता तलासरीचा आराखडा सांगतो. तोही आपल्या घरचाच आहे. जानेवारी १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली कोकणातल्या शेतकऱ्यांचा खोतीविरुद्धचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार शामराव परुळेकर त्यात होते. तेच शामराव आणि कायद्याची पदवी घेतलेल्या गोदावरी परुळेकर पुढे किसान सभेचं काम करत वारल्यांत गेले. त्या वेळी वारली म्हणजे सावकार-जमीनदाराचा वेठबिगार. लग्नासाठी शे-दोनशे रुपये घेतले की नवरा-बायको दोघं जन्माची गडी, त्याला लग्नगडी म्हणत. मे १९४५ मध्ये झरी गावात सभा झाली आणि ठरलं, वेठ करायची नाही. फुकट राबायचं नाही. रोजाचे बारा आणे घेतल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. गवत कापणीच्या हंगामात ५०० पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं मेली.

बघा, या मागण्यांत आकडे आहेत. बारा आणे, अडीच रुपये, ५०० पौंड. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनी मोजून आराखडा केला होता. कुणी त्यांना विचारलं नव्हतं तुमची बलस्थानं कोणती. एकी हे बळ आणि वेठ ही उणीव, एवढं त्यांना कळलं होतं. उणीव स्वतःत नसून मालकाच्या वहीत आहे, हेही कळलं होतं. गोदूताईंनी ही सगळी कहाणी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहिली आणि १९७२ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आज तलासरीत आदिवासी प्रगती मंडळाचं कॉलेज उभं आहे, त्याला गोदावरी शामराव परुळेकरांचं नाव आहे. वेठ मोडली म्हणून कॉलेज आलं. आधी व्यक्तिमत्त्व विकास आणि मग वेठमुक्ती असा क्रम इतिहासात नाही.

आणि आता त्या पोरीच्या लाल रेघेकडे या. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतो. पण दाखल्यानं भागत नाही. २००० सालच्या कायद्यानं त्याची तपासणी समितीकडून वैधता लागते. व्यावसायिक शिक्षणाचा राखीव प्रवेश, नोकरी, निवडणूक, सगळीकडे ती लागते. अनुसूचित जमातीसाठी पुराव्याची तारीख आहे ६ सप्टेंबर १९५०. म्हणजे त्या तारखेच्या आधीचा कागद दाखव, ज्यावर तुझ्या बापजाद्याच्या नावापुढे जमात लिहिलेली आहे. आजोबाचा शाळेचा दाखला आण.

आजोबाचा शाळेचा दाखला! १९४५ मध्ये जो सावकाराच्या वाडीत वेठीला होता, ज्याला शाळा कुठल्या दिशेला असते ते ठाऊक नव्हतं, त्याच्या नातीनं १९५० च्या आधीचा शाळेचा दाखला आणायचा. ज्या व्यवस्थेनं त्याला कागदापासून लांब ठेवलं तीच व्यवस्था आता म्हणते, कागद कुठाय? आणि दुसरीकडे खोटे दाखले घेऊन राखीव जागेवर चढलेले साहेब वीस-वीस वर्षं खुर्चीत बसले. सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०१७ मध्ये सांगावं लागलं की दाखला खोटा ठरला तर त्यावर मिळालेली नोकरी आणि प्रवेश टिकणार नाही. म्हणजे तपासणी हवीच, ती खऱ्या आदिवासीच्या बाजूची आहे. पण चोर पकडायला लावलेलं जाळं धन्याच्याच पायात अडकतं, त्याचं काय? माझ्या स्वतःच्या वैधतेसाठी मी एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. मी शहरातला, वाचता-लिहिता येणारा, बसचं भाडं खिशात असलेला. तलासरीच्या पाड्यावरून निघणाऱ्या माणसाची एक चक्कर म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. दहा चकरा म्हणजे दहा मजुऱ्या. हा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा, सांगा की साहेब?

तेव्हा आता आपले रकाने पाडू. मी उगाच भाषण ठोकत नाही, वहीत उतरवून घ्या.

पहिला रकाना कागदाचा. दहावीचा निकाल लागला की त्याच उन्हाळ्यात कामाला लागायचं, बारावीची वाट बघायची नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, बँकेचं खातं, आधार, सगळ्यांवर नाव एकसारखं आहे का ते अक्षरान् अक्षर तपासायचं. एका वेलांटीनं फाइल परत येते. आजोबा शाळेत गेला नसेल तर रडत बसू नका. तहसील कचेरीत गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंद असते, गाव नमुना १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जमिनीचे जुने उतारे असतात. त्यांच्या नकला मागा, आणि देत नसतील तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागा. बापाकडच्या रक्ताच्या नात्यात, चुलता, आत्या, चुलत भाऊ, कुणाची वैधता झालेली असेल तर तिची प्रत आणि वंशावळ अर्जाला जोडा. तो मोठा पुरावा आहे.

दुसरा रकाना पैशाचा आणि छपराचा. फी किती हे सगळे विचारतात, पण पोरं फीपायी कमी आणि जेवणापायी जास्त गळतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत, डहाणूला त्यांचं प्रकल्प कार्यालय आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर जेवण-खोलीसाठी २०१६-१७ पासून 'स्वयम्' योजना आहे. सगळं आहे. पण हप्ता कधी येईल ते खरं नाही. म्हणून पहिले तीन-चार महिने हप्त्याशिवाय कसे निघतील ते लिहा, नावानिशी लिहा. कोण उसने देईल? कुणाच्या खोलीवर झोपायचं? आणि वसतिगृहात गेल्यावरही मुकाट बसायचं नसतं. २०१८ साली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरलं, तेव्हा आदिवासी पोरं पुण्याहून नाशिकला पायी निघाली होती. ताटातली भाकर हाही शिक्षणाचाच विषय आहे.

तिसरा रकाना कसबाचा. आपल्यात एक खूळ आहे, बी.ए. केलं की शिकला. डहाणूचा पोरगा वापीत ठेकेदाराकडे पाच वर्षं मशीन चालवतो, मशीन त्याच्या बोटांना पाठ असतं, पण त्याच्याकडे चिठोरं नसतं, म्हणून सहाव्या वर्षीही तो हेल्परच. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा अजून जिवंत आहे. ३० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, विद्यावेतन द्यावं लागतं, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. आयटीआय करा आणि कायदेशीर शिकाऊ म्हणून शिरा. ठेकेदाराच्या हजेरीत आणि या हजेरीत आयुष्याचा फरक आहे.

चौथा रकाना मुदतीचा. स्पर्धा परीक्षेच्या नावानं पुण्याच्या खोल्यांत आपली पिढीच्या पिढी म्हातारी व्हायला लागली आहे. वयाची सवलत ४३ पर्यंत आहे म्हणून ४३ पर्यंत बसायचं नसतं. किती वर्षं देणार, किती वेळा बसणार, नाही झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करणार, हे आधीच लिहा. बाबासाहेबांकडे चार वर्षांची मुदत होती. आपल्याला मुदतीची लाज वाटायचं कारण नाही.

नोकरीच्या भरवशावर किती बसायचं तेही डहाणूच शिकवतं. अनुसूचित क्षेत्रातल्या तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशा १७ संवर्गांच्या जागा स्थानिक आदिवासींतून भरायच्या ठरल्या. पोरांनी परीक्षा दिल्या, निवड झाली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकलं. आंध्रातल्या अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकांचं शंभर टक्के आरक्षण त्याच न्यायालयानं एप्रिल २०२० मध्ये रद्द केलेलं होतं. इकडे निवड झालेली पोरं घरात, नेमणूक नाही. ४ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयातल्या जाळीवर उडी मारली, तेव्हा पेसा भरतीची मागणी त्यात होती. त्याच महिन्यात ठरलं, मानधनावर घेऊ, तात्पुरतं. विधानसभेच्या उपाध्यक्षाला जाळीवर उडी मारावी लागते तिथे एकट्या पोराचा 'सकारात्मक दृष्टिकोन' काय करील?

म्हणून पाचवा रकाना, आणि हाच त्या शिबिराच्या कागदावर नसतो. सोबत कोण? माझ्या बरोबर कोण शिकतंय, माझ्या मागून कोण येतंय, आणि कुठल्या लढ्याशी माझं पोट बांधलेलं आहे?

हा रकाना आत्ताच भरायला पाहिजे, कारण डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदर येतंय. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं बंदराला नाही म्हटलं होतं. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं अटी घालून हो म्हटलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. ७६,००० कोटींच्या वर खर्च, आणि सरकार म्हणतं १२ लाख रोजगार. मच्छीमारांनी विरोध केला, अजून करताहेत, आणि जाळं ज्याचं जाणार त्यानं बोंब मारायची नाही तर कुणी मारायची? पण आज मला पोरांशी बोलायचंय. १२ लाखांत तुझा आकडा कितवा? क्रेन चालवणारा, सर्व्हेअर, सागरी इंजिनिअर, मालाचा हिशेब ठेवणारा अधिकारी, की गेटवर काठी घेऊन उभा राहणारा? त्या कामांना कुठलं शिक्षण लागतं, ते तलासरीत मिळतं का, नसेल तर कधीपासून मिळणार, किती स्थानिकांना, कोणत्या पदावर, कायम की ठेक्यावर? हे प्रश्न एकेकट्यानं अर्ज करून सुटणार नाहीत. ग्रामसभेचे ठराव करून, लेखी उत्तर मागून, आकडे घेऊन भांडावं लागेल. १९४५ ला बारा आणे म्हणून सांगितलं होतं, आता पदं मोजून सांगा. नाही तर विकास त्यांचा होईल आणि आराखड्यात तुमची फक्त जमीन असेल.

आता शहरातल्या माझ्या वाचकांनो, तुमच्याकडे वळतो. तुमच्या कुर्त्यावर वारली चित्र आहे. ते चित्र लग्नाच्या चौकात सवाशिणी काढायच्या. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागदावर, कापडावर आणलं, जगभर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. २०१४ मध्ये या चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे कायद्यानं ती त्या मुलखाच्या लोकांची आहे, अधिकृत वापरकर्ता म्हणून कलाकाराला नोंदणी करता येते. तुमचा कुर्ता कुणी रंगवला, विचारलंत? आपल्याला बंडखोर आदिवासी पोस्टरवर आवडतो. तो कितवीत आहे, त्याचा फॉर्म भरायचा राहिलाय का, हे आपण विचारत नाही. लढा त्यांनी करायचा, करिअर आपण, असली वाटणी मला मान्य नाही.

आणि 'शिकून हे लोक चळवळ विसरतील' असं जे म्हणतात त्यांना सांगतो, शिकवण्याआधीच विसरण्याचा हिशेब मांडू नका. कोसबादच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पोरांना शाळेत ओढून आणण्यापेक्षा शाळाच पोरांकडे नेली. पोरं गुरं राखायला कुरणात जातात ना, मग शाळा कुरणात. कुरणशाळा. अंगणवाडी हा शब्दही त्याच कामातून आला आणि आता देशभर सरकारी पाटीवर आहे. त्या बायांनी पोरांना विचारलं नाही तुझ्या उणिवा कोणत्या. शाळेची उणीव काय ती शोधली आणि शाळेला दुरुस्त केलं. आज अर्ज ऑनलाइन आणि पाड्यावर रेंज नाही, ही कुणाची उणीव? पोरगा घरी वारली बोलतो, शाळेत पुस्तकी मराठी, कारखान्यात गुजराती आणि मुलाखतीत त्याला म्हणतात तुझं 'कम्युनिकेशन' कच्चं आहे! तीन भाषांत पोट भरणारा पोरगा कच्चा, आणि एका भाषेत ऐट करणारा पक्का. बरंय.

तर काम असं. ज्याची वैधता झाली आहे, ज्यानं शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला आहे, ज्याला वसतिगृहात जागा मिळाली आहे, अशा प्रत्येकानं आपली फाइल उघडायची. कुठला कागद कुठे मिळाला, किती दिवस लागले, कुठल्या कारणानं परत आला, कुणाला काय उत्तर दिल्यावर काम झालं, हे एका वहीत लिहायचं. मग रविवारी डहाणूची लोकल पकडायची. एकानं एका पोराचा किंवा पोरीचा कागद पुरा करेपर्यंत सोबत राहायचं. उपकार म्हणून नाही. आपल्यातला एक जण वर चढला आणि शिडी ओढून घेतली की आपण नवे बामण झालो, बाकी काही नाही. आणि जाताना शिकवायच्या तोऱ्यात जाऊ नका. मजुरी मोजून कशी मागायची, गोळी चालल्यावरही पाऊल मागं कसं घ्यायचं नाही, हे त्यांच्या आज्यांना तुमच्या आधी ठाऊक होतं. तिकडून शिकून या.

आणि एकत्र बसून समितीपुढे, प्रकल्प कार्यालयापुढे मागणी करायची. ज्या कुटुंबात १९५० च्या आधी कुणी शाळेत गेलंच नाही, त्यांचे महसुली कागद सरकारनं स्वतःच्या दप्तरातून स्वतः शोधावेत. कागद तुमच्या तिजोरीत, आणि पायपीट आमच्या पोरांनी का करायची? वैधतेचा निकाल प्रवेशाच्या तारखेआधी लागला पाहिजे. नाही लागला तर उशीर सरकारचा, जागा पोरीची. एवढं साधं आहे.

पाच वर्षांनी तू कुठे असशील, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. पाच वर्षांनी तलासरीची पोरगी डहाणूच्या सरकारी दवाखान्यात नर्स असेल, आणि तिच्या हाताखाली शिकलेली दुसरी एक पोरगी फॉर्म भरत असेल, आणि त्या दुसरीच्या फाइलीत चुलत बहिणीची वैधता जोडलेली असेल. एक कागद झाला की त्याच्यामागे अख्खा पाडा जातो. म्हणून तो पहिला कागद महत्त्वाचा. त्यासाठी भांडायचं, रांगेत उभं राहायचं, रात्री जागून अभ्यासही करायचा. यातलं एक केलं की दुसऱ्यातून सुटका नाही.

वही घ्या. रकाने पाडा. पाचवा रकाना आधी भरा.

जय भीम. जय आदिवासी.